एरफूदला जाताना: जीवाश्म पाहण्याची, पारखण्याची आणि घेण्याची रीत

एरफूदच्या एखाद्या हॉटेलात हात धुवायला गेलात की आधी बेसिनचा दगड निरखून पाहा. घोटून आरशासारख्या चकचकीत केलेल्या काळ्या चुनखडकात पांढऱ्या, निमुळत्या आकृत्या दिसतील. प्रत्येक आकृतीत आडव्या पडद्यांची रांग आणि मधून गेलेली एक बारीक नळी. साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणाऱ्या, माखली आणि अष्टपादाच्या कुळातल्या एका प्राण्याचा हा सरळ शंख. या गावात असे दगड टेबलांत, कारंज्यांत, पायऱ्यांत सगळीकडे बसवलेले आहेत.

मोरोक्कोच्या आग्नेय भागात, झीझ नदीने जगवलेल्या ताफिलालत मरूद्यानात एरफूद वसले आहे. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लष्करी ठाणे उभारले आणि त्याभोवती गाव वाढले. वस्ती आजही तीसेक हजारांचीच. बहुतेक प्रवासी इथे जेवायला थांबतात आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या मेरझूगाच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघून जातात. माझ्या मते हे उलटे आहे. वाळूला एक संध्याकाळ पुरते, एरफूदच्या दगडांना मात्र चार दिवस द्यावेत. ते चार दिवस कसे लावायचे ते पुढे क्रमाने सांगतो. त्यातली एक गोष्ट पहिल्यापासून मनात ठेवा: समोर येणाऱ्या प्रत्येक दगडाला त्याचे गाव विचारायचे. जीवाश्म कुठल्या डोंगरातला आणि कुठल्या थरातला हे कळले, तरच तो काही सांगू लागतो. ते हरवले की उरते ती फक्त शोभेची वस्तू.

निघण्यापूर्वी: थरांची तोंडओळख

इथल्या दुकानात एकाच फळीवर चार वेगवेगळे काळ शेजारी मांडलेले असतात. त्यांची ओळख नसेल तर विक्रेता सांगेल ते खरे मानावे लागते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एवढे लिहून घ्या.

सगळ्यात जुना ऑर्डोव्हिशियन. झागोराजवळचे फेझुआता थर याच काळातले, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांत मऊ शरीराचे प्राणीसुद्धा टिकून राहिले आहेत. मग सिल्युरियन, ४४.३ ते ४१.९ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यापुढे डेव्होनियन, ४१.९ ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा. एरफूदचे नाव झाले ते मुख्यतः या डेव्होनियनमुळे. तेव्हा हा प्रदेश गोंडवन महाखंडाच्या काठावरच्या समुद्राखाली होता. ताफिलालतच्या उथळ भागात गाळ फार सावकाश साचत असे. शंख तळाशी पडत राहिले आणि त्यांच्यावर माती थोडीच चढली, त्यामुळे हातभर जाडीच्या थरातही शंखांची दाटी झाली. त्यानंतर मोठी झेप घेऊन क्रेटेशियन येतो. अल्जीरियाच्या सीमेकडच्या केम केम भागातले तांबूस वालुकाश्म त्यातले, साधारण १० ते ९.५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी इथे नद्या वाहत होत्या आणि त्यांच्या काठी डायनोसॉर आणि मगरी होत्या.

यावरून दुकानात लगेच एक गोष्ट ओळखता येते. ट्रायलोबाइट (समुद्रात राहणारा, कवचाचा, सांध्यासांध्यांचा एक नामशेष प्राणी) आणि डायनोसॉरचा दात एकाच दगडात बसलेले दिसले, तर ते कुणीतरी चिकटवलेले आहेत. दोघांच्या मध्ये पंचवीस कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे.

कधी जायचे, कसे पोहोचायचे

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपुढे जातो. उघड्या डोंगरावर सावली नावालाही नसते आणि काळा खडक हाताला चटके देतो. वसंतात वारा सुटला की धुळीने दोन हातांवरचे दिसत नाही. ऑक्टोबरात खजुराचा हंगाम असतो आणि एरफूदमध्ये खजुराचा मोठा मेळा भरतो. मेळ्याच्या दिवसांत खोली मिळणे अवघड, तेव्हा ती आधीच ठरवून ठेवा. मजहूल खजूर झाडावरून उतरल्या उतरल्या खाण्याचा योग मात्र चुकवू नका.

फेझहून येणारा रस्ता मिदेल्त आणि एर्राशिदियावरून झीझच्या घळीतून खाली उतरतो. पूर्ण दिवस मोडतो, पण घळीच्या दोन्ही कडांवर खडकांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडे दिसतात, म्हणून मी हाच रस्ता सुचवेन. माराकेशहून यायचे तर वारझाझात, तिनघीर, तिनजदाद असा मार्ग आहे. तिनजदाद ते एरफूद या टप्प्यात जोर्फजवळ मातीच्या ढिगांच्या लांबच लांब रांगा दिसतील. त्या खेत्तारा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या बोगद्यांची तोंडे. दहा मिनिटे थांबून पाहाव्यात. विमानाने यायचे तर जवळचा विमानतळ एर्राशिदियाचा, एरफूदच्या उत्तरेला पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर. लांब पल्ल्याच्या बसही एरफूद-रिसानीपर्यंत येतात.

ड्रोन आणू नका. मोरोक्कोत परवान्याशिवाय ड्रोनला बंदी आहे आणि विमानतळावरच तो काढून घेतात.

सामान थोडकेच लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी अतिनील टॉर्च, मोजपट्टी, न पुसणारे पेन, कागदी चिठ्ठ्या, जाड तळाचे बूट, धुळीपासून बचावाचा मास्क. हातोडा नको. त्याचे कारण पुढे येईल.

पहिला दिवस: कापण्या-घोटण्याचा कारखाना

गावाबाहेरच्या रस्त्यांवर दगड कापण्या-घोटण्याचे बरेच कारखाने आहेत. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना आत नेऊन काम दाखवतात आणि शेवटी विक्रीच्या दालनात सोडतात. सुरुवात इथूनच करा. इथे फसण्याची शक्यता सर्वांत कमी आणि डोळा सर्वांत लवकर तयार होतो.

अंगणात खाणीतून आलेल्या ओबडधोबड लाद्या रचलेल्या असतात. धुळीने माखलेल्या लादीत काहीच दिसत नाही. कामगाराला तिच्यावर पाणी ओतायला सांगा. ओला झाला की राखाडी खडक काळा पडतो आणि शंख वर उमटतात. ते बहुधा एकाच दिशेने आडवे झालेले असतात. तळावरून वाहणाऱ्या प्रवाहाने रिकामे शंख लोटत नेऊन एका रेषेत लावले, म्हणून. म्हणजे ४० कोटी वर्षांपूर्वी पाणी कोणत्या रेषेत वाहत होते ते या लादीवरून कळते. दुकानातल्या सुट्या, सगळीकडून कोरून काढलेल्या शंखात ही माहिती उरत नाही. म्हणूनच मला कोरीव नमुन्यापेक्षा साधी सपाट लादी जास्त मोलाची वाटते.

मग करवतीपाशी चला. पाण्याची धार सोडून हिऱ्याच्या दातांची चकती लादी चिरते आणि त्यानंतर जाड ते बारीक अशा क्रमाने घोटाई होते. जिथे कोरडे काम चालले असेल तिथे मास्क लावा आणि फार वेळ रेंगाळू नका. ही धूळ फुप्फुसात जाते. कामगार ती रोज गिळतात. त्यांच्या नाका-तोंडावर नुसते फडके असते. ते पाहिल्यावर दालनातल्या किमतीकडे बघण्याची नजर बदलते.

इथे सगळे जण या सरळ शंखाला ‘ऑर्थोसेरस’ म्हणतात. त्या नावाचा मूळ वंश बाल्टिक भागातल्या ऑर्डोव्हिशियन खडकांतला आहे. एरफूदमध्ये हा शब्द सिल्युरियन-डेव्होनियनमधल्या सगळ्या सरळ शंखांना लावतात. नाव चुकीचे म्हणून शंख खोटा ठरत नाही. खरेपणा पाहायचा असेल तर कापलेल्या बाजूवर आडवे पडदे आणि त्यांतून गेलेली नळी शोधा. पडद्यांतले अंतर टोकाकडे हळूहळू कमी होत जाते. प्राणी वाढत गेला तसे त्याने मोठमोठे कप्पे बांधले, त्याचा हा हिशेब. सगळे पडदे एकसारख्या अंतरावर, एकाच जाडीचे आणि कडेशी पुसट होणारे असतील, तर कोरणाऱ्याने हात चालवला आहे असे समजा.

त्याच दालनात गोनियाटाइट, म्हणजे सरळ शंखवाल्यांच्या नात्यातल्या प्राण्यांचे गुंडाळलेले शंख दिसतील. त्यांच्या बाहेरच्या वळणावर नागमोडी किंवा कोनाकोनांच्या रेषा शोधा. आतला पडदा शंखाच्या भिंतीला जिथे मिळतो, तिथली ही शिवण. नुसत्या दगडात शंखासारखे वेटोळे कोरून विकतात त्याला शिवण नसते. नळीही पाहता येते. बहुतेक गोनियाटाइटांत ती बाहेरच्या कडेने जाते, सरळ शंखात बऱ्याचदा मध्याजवळून.

आणखी एक चीज इथे मन लावून पाहावी. सायफोक्रिनाइटीस या समुद्रकमळांच्या, पुरुषभर उंचीच्याही लाद्या. सिल्युरियन आणि डेव्होनियनच्या सांध्यावरचे हे प्राणी. त्यांच्या देठाच्या टोकाला फुग्यासारखा पोकळ तरंगा असे आणि त्याच्या आधाराने ते पाण्यात खाली डोके करून लटकत वाहत असावेत, असे अभ्यासक मानतात. मोठी लादी अनेक तुकडे जोडून झालेली असते आणि त्यात गैर काही नाही. पण जोड कुठे आहेत ते विक्रेत्याला दाखवायला सांगा. नीट काम केलेला माणूस ते अभिमानाने दाखवतो.

संध्याकाळी पूर्वेकडच्या बोर्ज इस्त या टेकडीवर जा. वरून मरूद्यानाचा हिरवा पट्टा दिसतो, आणि त्याच्या कडेला उद्या जिथे जायचे ते बोडके डोंगर.

दुसरा दिवस: डोंगरावर, वाटाड्यासोबत

एरफूदच्या पूर्व-आग्नेयेला, वीसेक किलोमीटरच्या आत हमार लगदाद नावाचा डोंगरकणा आहे. त्याच्यावर शंकूसारख्या टेकड्यांची रांग आहे, चाळीस-पन्नास तरी असतील. काही पन्नास मीटरच्या आसपास उंच. स्थानिक त्यांना केस-केस म्हणतात. दुरून पाहिले तर वाऱ्या-पावसाने झिजवून केलेला आकार वाटतो. प्रत्यक्षात डेव्होनियन समुद्राच्या तळावरच या टेकड्या याच आकारात उभ्या राहिल्या. तळाच्या भेगांतून वर येणाऱ्या गरम पाण्याशी किंवा वायूंशी त्यांचा संबंध असावा, अशी मांडणी अभ्यासकांनी केली आहे आणि त्यावर वाद आजही चालू आहे. पुढे त्यांच्यावर गाळ साचला, तो कोट्यवधी वर्षांनी धुऊन गेला आणि समुद्रतळ पुन्हा उघडा पडला. एका टेकडीच्या उतारावर बसून समोरच्या टेकड्यांकडे पाहिले की आपण पाण्याविना उरलेल्या समुद्रात बसलो आहोत असे अगदी खरोखर वाटते.

इथे एकट्याने भाड्याची मोटार घेऊन जाऊ नका. पायवाटा फुटतात, फोनला रेंज नसते, आणि अल्जीरियाची सीमा फार लांब नाही. हॉटेलातून ओळखीचा वाटाडा आणि चारही चाकांना ताकद मिळणारी (४×४) गाडी घ्या. माणशी किमान ४ लिटर पाणी ठेवा. कोरड्या नदीपात्रात गाडी उभी करून जेवायला बसू नका. लांब डोंगरात पाऊस पडला तरी लोंढा इथपर्यंत येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये याच आग्नेय मोरोक्कोत मोठे पूर आले होते.

आता हातोड्याबद्दल. मोरोक्कोच्या खाण कायद्याने, म्हणजे ३३-१३ क्रमांकाच्या कायद्याने, जीवाश्म आणि उल्कापाषाण गोळा करणे, उकरणे आणि विकणे परवानगीच्या कक्षेत आणले आहे. पाहुण्याने डोंगर फोडणे त्यात बसत नाही. आणि फोडायची गरजही नसते. उतारावर वाऱ्याने मोकळे केलेले शंखांचे तुकडे पायाखाली दिसतात. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, वहीत जागा लिहा आणि दगड जिथल्या तिथे ठेवा.

परत येताना खोदकामाचे चर पाहायला मिळाले तर जरूर थांबा. खणणाऱ्यांनी एकच थर पकडून, डोंगराच्या अंगाने कमरेइतके खोल चर लांबवर नेलेले असतात. त्यांना भूगर्भशास्त्राचे शिक्षण नसते, पण नेमका कुठला थर ‘देतो’ हे ते बोटाने दाखवतात.

तिसरा दिवस: अलनीफचे ट्रायलोबाइट

रिसानीहून पश्चिमेला तझारीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अलनीफ लागते. एरफूद शंखांचे गाव, तसे अलनीफ ट्रायलोबाइटांचे. इस्सुमूर, म्राकिब, ऊफातेन ही आजूबाजूच्या डोंगरांची नावे वहीत लिहून ठेवा. जगभरच्या संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर हीच नावे दिसतात.

इथले प्राणी पाहताना माणूस थक्क होतो. ड्रोटॉप्सच्या पाठीवर गाठी आणि डोळ्यांत मोजता येतील इतके ठळक भिंगांचे मणी. वॉलिसेरॉप्सच्या नाकाडावर चक्क त्रिशूळ. काही भुंगेरे शिंगांनी झुंजतात तसा तो त्रिशूळ झुंजीसाठी असावा, अशी मांडणी २०२३ मध्ये झाली. एर्बेनोकिलीचे डोळे मनोऱ्यासारखे उभे आणि वर छत्रीसारखी कड, वरून येणारा उजेड अडवायला. या डोळ्यांचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा प्राणी दिवसाउजेडी वावरत होता, हे त्याच्या डोळ्याच्या ठेवणीवरूनच कळले.

पारख करण्याची खरी कसोटी इथे लागते, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

ट्रायलोबाइट अखंड सापडत नाही. खणणारा दगड हातोड्याने फोडतो आणि फुटलेल्या कडेवर वळणदार, गडद, बारीक रेघ दिसते. तो प्राण्याचा आडवा छेद. त्या क्षणी दगड दोन तुकड्यांत असतो आणि त्याच्याबरोबर आतला ट्रायलोबाइटही. दोन्ही तुकडे जपून आणतात, चिकटवतात आणि मग वरून खडक कणाकणाने काढतात. आधी छन्नी, मग हवेच्या दाबावर चालणारी सुई, शेवटी बारीक भुकटीचा फवारा. काटेरी जातीला आठवडे लागतात.

म्हणून अस्सल नमुन्यावर पहिली शोधायची खूण म्हणजे भेग. ती खडकातून निघते, प्राण्याच्या अंगावरून जाते आणि पलीकडे पुन्हा खडकात शिरते, एकाच रेषेत. नवखा माणूस ही भेग पाहून नमुना खाली ठेवतो आणि शेजारचा गुळगुळीत उचलतो. शेजारचा बहुधा साच्यात ओतलेला असतो. खडकाला भेग आहे पण प्राण्याला नाही, किंवा प्राण्याभोवती सगळीकडून खळगीसारखी रेघ आहे, तर ओतीव प्राणी खऱ्या दगडात बसवलेला आहे.

मग भिंग लावा. राळेच्या नकलेत बारीक हवेचे बुडबुडे दिसतात. डोळ्यांकडे जा. फॅकॉप्स या ट्रायलोबाइटच्या कुळातल्या प्राण्यांची भिंगे षटकोनी मांडणीत, सुटी सुटी असतात. नकलेत ती चिखलात बोट रुतवल्यासारखी होतात. काटे पाहा. खरा काटा मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, त्यावर सांध्याच्या केसाएवढ्या रेषा असतात. सगळे काटे एकाच जाडीचे आणि एकाच रंगाचे असतील तर ते नंतर घडवले आहेत. रंगही बघा. खऱ्या कवचाचा रंग जागोजागी थोडा बदलतो, ब्रशने दिलेला रंग खाचेतही तसाच बसतो आणि कडेवर खडकावर ओघळतो. शेवटी विक्रेत्याला विचारून अंधाऱ्या कोपऱ्यात अतिनील टॉर्च मारा. गोंद आणि राळ बऱ्याचदा खडकापेक्षा वेगळी चमकतात. भेगेपुरती चमक म्हणजे डागडुजी. अर्धे डोके चमकले तर अर्धे डोके नवे.

डागडुजी आणि नक्कल यांत गल्लत करू नका. भेग जोडणे हे कामाचाच भाग आहे. तुटलेला काटा परत बसवणे मान्य. दुसऱ्या प्राण्याचा काटा लावला असेल तर ते सांगितले पाहिजे आणि किंमत उतरली पाहिजे. एका लादीवर पाच-सहा वेगवेगळ्या जातींचे देखणे ट्रायलोबाइट सारखी तोंडे करून बसलेले असतील, तर ती लादी सोडून द्या. नारिंगी रंगाच्या, पंजाएवढ्या पॅराडॉक्साइड्स या ट्रायलोबाइटच्या लाद्यांबाबतही सावध राहा. त्या बऱ्याचदा भरलेल्या आणि रंगवलेल्या असतात.

एका दुकानात एकच नमुना पाहून ठरवू नका. त्याच जातीचे दोन-तीन शेजारी ठेवायला सांगा. दोघांच्या अंगावर त्याच जागी तोच ओरखडा दिसला, तर साचा एकच आहे.

चौथा दिवस: केम केमचे दात आणि एका खोक्याची गोष्ट

स्पायनोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरचे दात एरफूदच्या दुकानांत वाडगे भरभरून असतात. एवढे कसे, असा संशय येतो. पण हे प्राणी आयुष्यभर दात टाकत आणि नवे दात येत, त्यामुळे सुटा दात खरा असणे सहज शक्य आहे. तो शंकूसारखा, लांबीच्या दिशेने बारीक रेघा असलेला आणि कडेला दातऱ्या नसलेला. कारकॅरोडोंटोसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनोसॉरचा दात चपटा, सुरीच्या पात्यासारखा आणि दातऱ्यांचा. तो कमी मिळतो. मूळ आणि शिखर यांचा सांधा भिंगाने तपासा, कारण वाळू आणि गोंद यांचे मिश्रण भरून तुटका दात लांब करतात. दातांची रांग बसवलेला जबडा दिसला तर तो जवळजवळ नक्कीच जुळवलेला समजा. मोसासॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे दात इथे खूप विकतात, पण ते दूर वायव्येच्या खुरिबगाच्या फॉस्फेट खाणींतून येतात. ‘इथेच डोंगरात सापडला’ असे कोणी सांगितले की त्याच्या बाकीच्या बोलण्याचाही अंदाज येतो. केम केमच्या कड्यांत हाडांसाठी हाताने खणलेले आडवे बोगदे आहेत. वाटाडा आग्रह करत असला तरी आत शिरू नका. मऊ वालुकाश्म कधी बसेल याचा नेम नसतो.

आणि आता गोष्ट. एप्रिल २००८ मध्ये निझार इब्राहिम नावाचा तरुण पुराजीवशास्त्रज्ञ एरफूदमध्ये होता. एका खणणाऱ्याने त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातली हाडे दाखवली. त्यांत पात्यासारख्या एका हाडाच्या छेदात लालसर रेघ होती. पुढच्या वर्षी मिलानच्या संग्रहालयात त्याला एका सांगाड्याचे भाग दाखवण्यात आले आणि तीच रेघ तिथेही दिसली. दोन्ही हाडे एकाच स्पायनोसॉरसची असावीत! पण मिलानपर्यंत आलेल्या हाडांबरोबर जागेची नोंद नव्हती. सांगाडा कुठल्या थरातला हे ठाऊक असलेला माणूस एकच, तो खोकेवाला खणणारा, आणि त्याच्याबद्दल आठवत होती ती फक्त मिशी. २०१३ मध्ये इब्राहिम परत आला आणि खूप शोधून हताश होऊन एरफूदच्या एका कॅफेत बसला असताना तोच मिशीवाला समोरून गेला. त्याने नेऊन जागा दाखवली. तिथून आणखी हाडे निघाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पाण्यात वावरणाऱ्या स्पायनोसॉरसचे वर्णन ‘सायन्स’मध्ये छापून आले. त्याच जागेवरून पुढे शेपटी मिळाली. वल्ह्यासारख्या त्या शेपटीचे वर्णन २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आले. १९१५ मध्ये वर्णन झालेला इजिप्तचा पहिला सांगाडा १९४४ साली म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला होता, त्यामुळे या जागेचे मोल आणखीच वाढते. माणूस कॅफेसमोरून त्या दिवशी गेला नसता, तर हाडे उरली असती, पण त्यांचे गाव कायमचे हरवले असते.

फेझुआताची गोष्ट याच्या शेजारी ठेवा. तिथले थर मोहमद बेन मूला या स्थानिक संग्राहकाने ओळखले, संशोधकांना जागा दाखवली, आणि २०१५ मध्ये वर्णन झालेल्या सुमारे दोन मीटर लांबीच्या प्राण्याला त्यांच्या नावावरून एजिरोकॅसिस बेनमूले हे नाव मिळाले.

या दिवशीच एरफूद-रिसानी रस्त्यावरचे ताहिरी संग्रहालय पाहा. अंगणात डायनोसॉरच्या मोठ्या प्रतिकृती आहेत, त्या लांबूनच दिसतात. दुपारी रिसानीत मदफूना खा, मसालेदार खिमा भरून भाजलेली जाड रोटी. मंगळवार, गुरुवार किंवा रविवार असेल तर आठवडी बाजारही मिळेल.

घेताना: भाव, भाषा, कागद

व्यवहार दिरहममध्ये करा. मोठे कारखाने कार्ड घेतात, डोंगरावरचा माणूस घेत नाही. घासाघीस चालते आणि अपेक्षितही असते. पण चर खणणाऱ्याकडून थेट घेत असाल तर फार ताणू नका. दुकानातल्या किमतीतला त्याच्या हाती पडणारा वाटा फार थोडा असतो.

एक वाक्य पाठ करून जा. ‘मनीन जात हाद ल-हजरा?’ म्हणजे हा दगड कुठून आला? उत्तर नुसते ‘सहारा’ असे आले तर हसून पुढच्या दुकानात जा. डोंगराचे नाव सांगितले, वर थरही सांगितला, तर बसा, पुदिन्याचा चहा घ्या आणि बोलत राहा.

बिल मागाच. त्यावर वस्तूचे वर्णन, दुकानाचा शिक्का आणि तारीख असू द्या. निर्यातीसाठी जीवाश्मांना सरकारी परवानगी लागते. मोठी लादी, सांगाड्याचा भाग किंवा दुर्मीळ नमुना असेल तर परवान्याचे कागद पैसे देण्याआधी पाहा. ‘नंतर पाठवतो’ यावर विसंबू नका. डायनोसॉरची ओळखीची हाडे, कवटी, जबडा, एका प्राण्याचे एकत्र सापडलेले भाग हे खरे असले तरी घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची जागा कासाब्लांकाच्या विद्यापीठात, तुमच्या दिवाणखान्यात नव्हे. ज्या देशात नेणार तिथले सीमाशुल्काचे नियमही आधी पाहून घ्या.

बांधताना

काटेरी ट्रायलोबाइट वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद काट्यात अडकतो. कडक डबा घ्या, तळाशी स्पंज ठेवा, खडकाचा भाग स्पंजमध्ये रुतवून बसवा आणि प्राण्याच्या वरची जागा मोकळी सोडा. घोटलेल्या लाद्या उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या की तडकतात. टेबल किंवा बेसिन घेतले तर कारखान्यालाच लाकडी पेटी करायला सांगा आणि खिळे मारण्याआधी आतला फोटो घ्या. विमानतळावर क्ष-किरणांत दगड संशयास्पद दिसतात, म्हणून बिल सामानात न टाकता खिशात ठेवा.

चिठ्ठी मात्र त्याच रात्री हॉटेलात लिहायची, घरी जाऊन नाही. प्राण्याचे नाव माहीत असेल तर ते, नसेल तर ‘सरळ शंख’ एवढेही पुरे. डोंगर, जवळचे गाव, थर किंवा काळ, कुणी दिला, कुठल्या तारखेला, कुठे जोडला किंवा रंगवला आहे. हे पुसले न जाणाऱ्या पेनाने लिहा. मग दगडाच्या खालच्या, न घोटलेल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक टाका आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि वहीत लिहा. चिठ्ठी डब्यातून वेगळी झाली तरी क्रमांक दगडासोबत राहतो.